तियाला इंग्रजी येत नाही

त्या सोमवारी मी शाळेत पोचले तेव्हा बालवर्गाचे दिवे आधीच लागलेले होते. नेलिदा एका चिमुकल्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांशी स्पॅनिशमध्ये बोलत होती. मला पाहून जरा ओशाळली, पण थांबली नाही.

"बेरित, बस तिथे. तू पाच वर्षांची आहेस आणि माझं एक अक्षर तुला कळत नाही. आता मी तुला दप्तर खुंटीला अडकवायला सांगते. बघ समजतंय का."

मी या शाळेत मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढलीत की स्पॅनिश न कळण्याचं सोंग करणंच मला अवघड गेलं. तरी केलं. तिने पाठीवरचं अदृश्य ओझं उतरवलं, कण्हली, घाम पुसला, ओझं भिंतीला टांगलं आणि अंग हलकं झाल्यासारखी गिरकी घेतली. मी निमूट उठून माझी पर्स खुंटीला अडकवली. नेलिदाने टाळ्या पिटल्या. पोरगी त्रेचाळीस वर्षांची, पण त्या दिवशी वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा तीच जास्त उतावीळ होती.

तसं व्हायला कारणही होतं. नेलिदा ओयार्सून मूळची चिलीची, तिथल्या चिलोए बेटावरची. वडील होड्या दुरुस्त करायचे. नवऱ्याशी पटेना तेव्हा आठ वर्षांच्या मुलीला, आन्तोनियाला, घेऊन ती इकडे अमेरिकेत, सेंट पॉलला बहिणीकडे आली. आधी एका हॉटेलात चादरी धुतल्या. मग आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तिथून माझ्यासारखी मदतनीस झाली, संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन शिक्षिकेची परीक्षा दिली, एकदा नापास झाली, पुन्हा दिली. आणि या सप्टेंबरात तिला पहिल्यांदा स्वतःचा वर्ग मिळाला. दारावरच्या पाटीवर तिने आपलं नाव लिहिलं होतं: तिया नेलिदा. तिया म्हणजे मावशी. तिच्या गावाकडे लहान मुलं बाईंना तियाच म्हणतात.

आमची शाळा मुलांना स्पॅनिशमधून शिकवते, आणि नियम सोपा आहे. बालवर्गात बाईंनी इंग्रजीचा शब्द काढायचा नाही. मुलांनी हवं त्या भाषेत बोलावं, रडावं, तक्रारी कराव्यात. बाई ऐकतील, समजून घेतील, पण उत्तर स्पॅनिशमध्येच देतील. रक्त आलं किंवा आग लागली तरच सूट. नियम आईबापांना ठाऊक असतो. ऑगस्टमधल्या सभेत नेलिदाने त्यांच्याशी तासभर इंग्रजीत गप्पा मारल्या होत्या. मुलांना मात्र यातलं कुणी काही सांगत नाही.

मुलं आली. पहिलाच दिवस, त्यातली निम्मी रडतच आली. ऑगी नावाचा एक गोरटेला, गोल चेहऱ्याचा मुलगा रडला नाही. कंबरेवर हात ठेवून तो नेलिदाचं बोलणं ऐकत राहिला आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "ही बाई बिघडली आहे."

नेलिदाने ओठ दाताखाली धरले. हसू दाबताना तिचे डोळे पाण्याने भरले होते. मग तिने हात धुण्याचं गाणं सुरू केलं, आणि पाणी या शब्दावर मुलांच्या अंगावर खरंच चार थेंब उडवले. पाच-सहा मुलं रडता रडता किंचाळून हसली. "आग्वा," ती म्हणाली. "आग्वा," कुणीतरी म्हणालं. नेलिदाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही तिच्या हाताला पहिला मासा लागला होता.

जेवायच्या सुट्टीत पाहुआने तिचं बोट धरलं.

पाहुआ लोर वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. ह्माँग, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून इकडे आलेल्या लोकांच्या, घरातली. आमच्या शहरात ह्माँग माणसं खूप, आणि बहुतेक घरांत एक आजी असते जिला इंग्रजी येत नाही. पाहुआ सकाळपासून रडली नव्हती आणि बोललीही नव्हती. नुसती नेलिदाच्या तोंडाकडे बघत होती. जेवणाच्या रांगेत ती नेलिदाला ओढत पुढे घेऊन गेली आणि काउंटरमागच्या डेनीला म्हणाली, "हिला दूध नको. पाणी द्या. हिला बोलता येत नाही, काय हवं ते मला विचारा."

डेनी आमचा आचारी. नेलिदाने त्याच्याच हाताखाली तीन वर्षं भांडी घासली होती, आणि त्याच्याशी भांडून भांडूनच ती इंग्रजी शिकली होती. त्याने पळी खाली ठेवली. नेलिदाकडे अगदी अनोळखी नजरेने पाहिलं.

"भाजी चालेल का बाईंना?" त्याने पाहुआला विचारलं.

पाहुआने नेलिदाकडे वळून भाजीकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. नेलिदाने मान डोलावली. "चालेल," पाहुआ म्हणाली, "पण थोडी वाढा. नवीन माणसाला आपलं जेवण लगेच आवडत नाही."

डेनी मागे वळला आणि त्याचे खांदे बराच वेळ हलत राहिले.

मंगळवारी सकाळी वर्गात पाऊल ठेवलं तेव्हा पोरांनी आदल्या दिवशीच्या बसमध्येच काहीतरी ठरवून टाकलं होतं, हे मला कळलं. ऑगी पुढे आला. त्याने खुर्ची ओढली, तिच्यावर थाप मारली आणि सावकाश, तोंड मोठं उघडून म्हणाला, "चेअर. म्हण. चे-अर."

बाईंना इंग्रजी येत नाही, तर आपण शिकवायला हवं, असा एकंदर निकाल झाला होता.

आता काय करते, म्हणून मी नेलिदाकडे पाहिलं. तिने खुर्चीकडे पाहिलं, ऑगीकडे पाहिलं. चेहरा अगदी भोळा केला. मग खुर्चीला मिठी मारून म्हणाली, "सिया."

"नाही, चेअर."

"सिया?"

"अगं नाही तिया, चेअर!" आता सगळी पोरं पुढे सरकली. कुणी टेबल दाखवलं, कुणी दार, कुणी स्वतःचं नाक. प्रत्येक वेळी नेलिदा विचारात पडायची, कपाळावर हात मारायची, आणि मोठ्या कष्टाने आठवल्यासारखं करून स्पॅनिश शब्द सांगायची. पोरांना तिची कीव येत होती आणि मजाही वाटत होती. आपल्या तोंडून काय निघतंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "नाही तिया, पुएर्ता नाही, डोअर," एक मुलगी तिला दटावत होती, आणि पुएर्ता हा शब्द तिच्या तोंडून असा स्वच्छ निघाला की मी दाराआड जाऊन हसून घेतलं.

दुपारी मुलं घरी गेल्यावर नेलिदा वर्गात येरझाऱ्या घालत होती. तिला बसवतच नव्हतं. पोरांना मी फसवत तर नाही ना, असं तिने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू इंग्रजी येत नाही असं कधी म्हणालीस? नाही. मग झालं तर. यावर ती खुलली, आणि बुधवारसाठी काय काय करायचं ते सांगत माझ्यामागे पार गाडीपर्यंत आली.

बुधवारी पाहुआने डाव उलटवला. सगळी मुलं गालिच्यावर गोल करून बसली होती. ऑगी वैतागला होता. दोन दिवस झाले आणि बाई अजून चेअरपाशीच अडकली होती. त्याने जाहीर केलं की तिच्या डोक्यात काही राहत नाही. तेव्हा पाहुआ पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली.

"मोठ्या माणसांच्या डोक्यात नवीन शब्द राहत नाहीत. माझ्या आजीच्याही राहत नाहीत. बाबांनी तिला खूप शिकवलं. मग आम्ही सोडून दिलं. आता आम्हीच तिचं बोलतो."

"म्हणजे?" ऑगी म्हणाला.

"म्हणजे आपणच तियाचं बोलायचं. आपण लहान आहोत, आपल्याला येईल."

मग ऑगी उठला, भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून नेलिदाला विचारलं, "हे काय? तुझं सांग."

त्यानंतर जे झालं ते मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. पोरांनी तिला अक्षरशः घेरलं. हे काय, ते काय, याला काय म्हणतात. खिडकी, बूट, पेन्सिल, ढग, कोपर, शेंबूड. नेलिदा सांगत सुटली आणि पोरं ओरडत सुटली. शेजारच्या वर्गाची बाई काय झालं म्हणून धावत आली. मुख्याध्यापक टॉलेफसन सरही आले, दारात थांबले आणि परत गेले. एका मुलाने शू लागल्यावर पँट धरून "बान्यो! बान्यो!" असा आक्रोश केला, आणि बाकीच्यांनी त्याला रस्ता करून देताना एका सुरात "बान्यो!" म्हणून घोषणा दिल्या. नेलिदाचा आवाज दुपारपर्यंत बसला. तरी ती कुजबुजत सांगतच राहिली, तर पोरंही कुजबुजत म्हणू लागली.

त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. मला वाटलं घसा जास्त दुखतोय.

झालं होतं असं, की ती युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानात गेली होती. रांगेत एक उंचापुरा माणूस तिच्या पुढे घुसला. आता, नेलिदा डेनीच्या हाताखाली तयार झालेली. बसक्या आवाजातही तिने त्याला अस्सल इंग्रजीत सुनावलं: "ओ साहेब, रांग इकडून सुरू होते. आम्ही काय इथे शोभेला उभ्या आहोत?" माणूस मुकाट मागे गेला. लोक हसले. नेलिदा जरा फुशारून वळली, आणि मागे पाहुआ उभी. एका हातात कांद्याच्या पातीची जुडी, दुसऱ्या हातात आजीचा हात.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काहीच नाही. माझ्याकडे बघितलं आणि आजीला दुसऱ्या रांगेत घेऊन गेली."

गुरुवारी पाहुआ आली, दप्तर खुंटीला लावलं आणि गालिच्याच्या अगदी कडेला जाऊन बसली. गाणं झालं, ती गायली नाही. जेवणाच्या रांगेत नेलिदाने हात पुढे केला. पाहुआने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले. डेनीने विचारलं, बाईंना काय वाढू? पाहुआ म्हणाली, "तिलाच विचारा."

नेलिदाने त्या दिवशी जेवण घेतलंच नाही. वर्गात परत जाताना ती मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात बोलली, स्पॅनिशमध्येच. इकडे आली तेव्हा तिला दोन वर्षं इंग्रजी येत नव्हतं. दवाखान्यात आन्तोनिया मध्ये बसायची. डॉक्टर आन्तोनियाशी बोलायचे, आन्तोनिया आईला सांगायची. आठ वर्षांची पोर आईच्या पोटदुखीचं वर्णन करायची आणि आपण चुकीचं तर सांगत नाही ना, या भीतीने रात्री तिला झोप यायची नाही.

"ही पोरगी तसंच ओझं घेऊन फिरते, बेरित. तीन दिवस तिने माझंही घेतलं. आणि मी ते गंमत म्हणून घेऊ दिलं. तिला खरं सांगायलाच हवं."

मी म्हटलं, मग सांग. अंगणात ने आणि इंग्रजीत दोन वाक्यांत सांगून टाक. टॉलेफसन सरांना मी बघते.

तिने मान हलवली. "इंग्रजीत सांगितलं तर पुन्हा माझ्या तोंडून स्पॅनिश ऐकताना तिला ते नाटकच वाटेल. मी तिला माझ्या भाषेतच सांगणार."

"अगं, तिला आठवड्याभराचेसुद्धा शब्द येत नाहीत."

"म्हणून तर नीट सांगावं लागेल."

दुपारी मुलं ठोकळे आणि वाळू खेळत होती. पाहुआ एकटी चित्रांच्या टेबलाशी होती. नेलिदा कागद आणि रंग घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मी जवळच रंगांचे ब्रश धूत होते, म्हणून सगळं पाहिलं. तिने एक घर काढलं आणि त्यात स्वतःला काढलं, कुरळ्या केसांची. शाळा काढली, त्यातही तीच. मग दुकान काढलं, आणि त्या उंच माणसाला काढलं, नाक लांबलचक. पाहुआने तिरक्या नजरेने नाकाकडे पाहिलं. नेलिदाने शाळेवर बोट ठेवून आपल्या तोंडाला हात लावला: स्पॅनिश. दुकानावर बोट ठेवलं, तोंडाला हात: इंग्रजी. मग छातीवर हात ठेवून दोन बोटं वर केली. "दोस," ती म्हणाली. दोन. मला दोन येतात. आणि हात जोडल्यासारखे करून, मान खाली घालून, तिने आपल्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "त्रिस्ते." तो शब्द सोमवारच्या गाण्यातला होता, रडक्या चेहऱ्याचा. पोरांना पाठ होता.

पाहुआने चित्र नीट पाहिलं. तिने कागद आपल्याकडे ओढला. कोपऱ्यात आणखी एक घर काढलं, दारात बुटांची रांग काढली, आत एक म्हातारी.

"आमच्या घरात पण असंच आहे," ती इंग्रजीत म्हणाली, चित्राकडेच बघत. "दाराच्या आत आजीची भाषा. मला इंग्रजी येतं तरी नाही बोलायचं. बाबा म्हणतात, नाहीतर आजी घरात एकटी पडेल."

नेलिदाने त्या घराच्या दारावर बोट ठेवलं.

"तू खोटं नव्हतीस बोलत," पाहुआ म्हणाली. "तू दाराच्या आत होतीस."

मग तिने नेलिदाची ती दोन बोटं धरली आणि त्यांच्याशेजारी स्वतःचा हात उघडला. एक बोट: घर. दुसरं: दुकान. थोडा विचार करून तिने शाळेकडे पाहिलं आणि तिसरं बोट सरळ केलं. "त्रेस," ती म्हणाली. तीन. तिचं तोंड उघडंच राहिलं. तिची तीन आणि बाईंची दोन. तिने पुन्हा मोजलं. नेलिदाने मान डोलावली, आणि पाहुआ टेबलापासून उठून वर्गभर धावत सुटली, तीन बोटं वर करून, "त्रेस! त्रेस!" बाकीची पोरं कशाचं काही ठाऊक नसताना तिच्यामागे धावू लागली.

धाप लागून परत आली तेव्हा तिने नेलिदाच्या कानाशी तोंड नेलं. पण ते मला ऐकू येणार होतंच.

"ऑगीला सांगू नकोस हं. त्याला कळलं तर तो शिकणारच नाही. तो आळशी आहे."

त्या दुपारी तिने नेलिदाला ह्माँगमध्ये नमस्कार म्हणायला शिकवलं. न्यॉ झोंग. यावेळी नेलिदाला सोंग करावं लागलं नाही. तिला खरंच जमत नव्हतं. पाहुआने तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि सूर चुकला की डोळे फिरवले.

शुक्रवारी शेवटचा अर्धा तास घरच्या माणसांना वर्गात बोलावलेलं होतं. आया आल्या, बाप आले, कामाच्या बुटांतले, टायमधले. ऑगीची आई आत शिरताच सवयीने नेलिदाला इंग्रजीत म्हणाली, काय, कसा गेला आठवडा? ऑगी दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"आई, थांब. तियाला इंग्रजी येत नाही."

आईने नेलिदाकडे पाहिलं. नेलिदा निर्विकार. आई शहाणी बाई. "अरेरे," ती म्हणाली, "मग मी बोलू कशी?"

"मी आहे ना," ऑगी म्हणाला. तो नेलिदाकडे वळला, आईकडे बोट दाखवलं आणि छाती फुगवून म्हणाला, "मामा." स्पॅनिशमध्ये आई. मग आईला खुर्ची दाखवली. "सिया. बस." आई बसली. त्याने तिला पाणी आणून दिलं, आग्वा म्हणून. बान्यो कुठे आहे तेही दाखवलं, गरज नसताना. पाच मिनिटांत सगळ्या वर्गात हेच चालू झालं. धिप्पाड बाप इवल्या खुर्च्यांवर बसून आपल्या पोरांकडून दार, खिडकी, कोपर शिकत होते, आणि पोरं त्यांना दटावत होती. एक बाप चुकला तर त्याच्या मुलीने मला येऊन सांगितलं की तो तसा हुशार आहे, फक्त नवीन आहे.

पाहुआची आजी सगळ्यात शेवटी आली. फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधलेली, लहानखुरी बाई. दारात थबकली; एवढ्या गलक्यात आपलं काय काम, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नेलिदा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेली आणि वाकून म्हणाली, "न्यॉ झोंग."

सूर बहुधा चुकलाच असावा, कारण पाहुआने कपाळावर हात मारला. पण आजी हसली. आधी तोंडावर हात घेऊन, मग हात बाजूला करून, मोकळी. नेलिदाचा हात धरून ती बोलू लागली, भरभर, लांबलचक, जणू कितीतरी दिवसांनी घराबाहेर कुणीतरी तिला तिच्या भाषेत काही विचारलं होतं. नेलिदाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती मान डोलावत ऐकत राहिली.

आजी थांबली तेव्हा दोघींनी पाहुआकडे पाहिलं. वर्गातली पोरंही पाहत होती. पाहुआने बराच विचार केला. आजी एवढं बोलली होती, आणि हिच्याजवळ शब्द होते मोजके. मग तिने आजीच्या छातीवर हात ठेवला.

"फेलीस," ती म्हणाली. आनंदी.

नेलिदाने आजीसाठी खुर्ची पुढे केली. आजी बसली. ऑगी लगेच तिच्याकडे धावला आणि ओरडून म्हणाला, "सिया!" आजीने तो शब्द परत म्हटला, हसत, आणि ऑगीला इतका आनंद झाला की तो तिला खिडकी दाखवायला हाताला धरून घेऊन गेला.

मुलं गेल्यावर नेलिदाने टेबलं पुसली, खुर्च्या लावल्या, भिंतीवरचं एक चित्र काढून दुसरीकडे लावलं, परत पहिल्या जागी आणलं. मी म्हटलं, आता घरी जा. ती म्हणाली, जाते, आणि मला सोमवारचं नियोजन सांगू लागली.

सोमवारी पाहुआ दोन्ही हातांनी एक जड पिशवी ओढत आली. आजीच्या शहराबाहेरच्या शेतातल्या काकड्या, मातीसकट, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढ्या. पोरं पिशवीवर तुटून पडली. नेलिदाने एक काकडी हातात उचलून धरली, आणि तिने तोंड उघडायच्या आत वर्ग एकमुखाने ओरडला: "तिया, हे काय? तुझं सांग!"